दादा तपासणीला तयारच होत नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून)

माझं वय ३९. वडिलांना ५१व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. कळलं तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. दोन वर्षांत बाबा गेले, त्याला आता १४ वर्षं झाली. मी तेव्हा नोकरीसाठी परगावी होते. दवाखाना, ऑपरेशन, केमो, पोटावरची शौचाची पिशवी बदलण्यापासून ते शेवटच्या दिवसांपर्यंत सगळं दादानं निभावलं. दादा आता ४३ वर्षांचा आहे, त्याला दोन लहान मुलं आहेत. गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं की वडिलांना इतक्या कमी वयात झालं असेल तर मुलांनी चाळिशीतच कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, करून घ्यावी. तेव्हापासून मी दादाच्या मागे लागले आहे. लेख पाठवते, व्हिडिओ पाठवते, भेटलो की विषय काढते. तो म्हणतो, "मला काही त्रास नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" मागच्या महिन्यात माझा तोल गेला. "तुला मुलांची काही पडलेलीच नाही," असं मी सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. इतकी साधी गोष्ट त्याला कळत कशी नाही? आता आईला पुढे करून तिची शपथ घालावी का, असं मनात येतंय. वहिनीही काळजीत आहे. तिच्याकडून कळलं की त्याला मूळव्याध आहे, अधूनमधून रक्त जातं, तरी तो मेडिकलमधून मलम आणून लावतो. म्हणजे डॉक्टरकडे जायचंच नाही असं त्यानं ठरवलेलं दिसतंय. मी काय करू?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, दादाच्या हट्टीपणाचा एक पुरावा म्हणून लिहिली आहे. रक्त जातं आणि तो मलम लावतो. बाकी सगळं नंतर बोलू, आधी हे.

वर्षभर तुम्ही ज्या तपासणीसाठी दादाच्या मागे आहात, ती काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी असते. शौचावाटे रक्त जाणारा माणूस त्यात मोडत नाही. त्यानं डॉक्टरांना दाखवायचं असतं, आणि तेही सवड झाली की नव्हे, येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत. मी घाबरवत नाहीये. रक्त जाण्याचं नेहमीचं कारण मूळव्याध किंवा गुदद्वाराला पडलेली चीर हेच असतं, आणि दादाचंही तेच निघण्याची शक्यता चांगली मोठी आहे. पण मूळव्याध आहे म्हणून आतड्यात गाठ नसेल, असं कुणालाच म्हणता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. रक्त कुठून येतंय हे नुसत्या रंगावरून घरबसल्या ठरत नाही. मलमानं ते थांबलं, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण गाठीतून येणारं रक्तही मध्येच थांबतं आणि पुन्हा सुरू होतं.

वय त्रेचाळीस, सख्ख्या वडिलांना ५१व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आणि आता रक्त. या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना एका दमात सांगितल्या गेल्या पाहिजेत. अनेकजण फक्त "मूळव्याध आहे" एवढंच सांगतात, वडिलांचा विषयच काढत नाहीत, आणि औषध घेऊन परत येतात. डॉक्टर बहुधा बोटानं तपासतील, छोटी नळी घालून मूळव्याध खरंच आहे का ते बघतील, हिमोग्लोबिन तपासायला सांगतील आणि कोलोनोस्कोपीबद्दल बोलतील. रक्त किती दिवसांपासून जातंय, शौचाची सवय बदलली आहे का, पोट साफ झालं नाही असं सतत वाटतं का, वजन उतरलंय का, पूर्वीपेक्षा लवकर दमायला होतं का, हेही ते विचारतील. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातली गाठ पुष्कळदा डोळ्यांना दिसेल असं रक्त देतच नाही, हळूहळू ॲनिमिया करते. म्हणून पुरुषाच्या रक्तातलं लोह कारण नसताना कमी झालेलं आढळलं तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नये. आणि रक्त भरपूर गेलं, चक्कर आली, शौच काळंकुट्ट आणि चिकट झालं, किंवा पोट फुगून वात सरणंही बंद झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

यात एक नाजूक गाठ आहे. हे तुम्हाला दादानं सांगितलेलं नाही, वहिनीनं सांगितलंय. ते हातात घेऊन तुम्ही थेट त्याच्यावर चालून गेलात, तर तो वहिनीलाही काही सांगेनासा होईल. त्याच्या तब्येतीची खरी खबर आज घरात तिच्याकडेच आहे, ती वाट बंद होऊ देऊ नका. म्हणून हे बोलणं वहिनीनंच करावं. तुम्ही तिला हे उत्तर वाचायला द्या आणि मग मध्ये पडू नका. तिनं कॅन्सर हा शब्दही काढायची गरज नाही. "रक्त जातंय हे मला माहीत आहे आणि मला झोप लागत नाही. मूळव्याधच असेल, पण ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकू या. वेळ मी घेते, बरोबर मीच येते." एवढं बास. शक्य असेल तर तिनं तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांच्या कानावर आधी वडिलांचा आजार घालून ठेवावा. घरच्या दहा जणांनी सांगून जे होत नाही, ते ओळखीच्या डॉक्टरांनी समोर बसवून "तू ही तपासणी करून घे" असं स्पष्ट म्हटल्यावर होतं, हा अनुभव बऱ्याच घरांतला आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. "इतकी साधी गोष्ट त्याला कळत कशी नाही?" असं तुम्ही विचारता. पण तुम्हीच लिहिलंय की बाबांचं सगळं त्यानं निभावलं. हिशोब केला तर तेव्हा तो सत्तावीस ते एकोणतीस वर्षांचा होता. ज्या वयात माणसं नोकरी-संसाराची घडी बसवत असतात, त्या वयात तो वडिलांच्या पोटावरची पिशवी बदलत होता. पिशवीच्या कडेची त्वचा सोलवटू नये म्हणून काय करायचं, केमोनंतर कुठलं पथ्य पाळायचं, डॉक्टर बाहेर बोलावून हळू आवाजात बोलतात तेव्हा त्याचा अर्थ काय, हे त्याला ठाऊक आहे. या आजाराची सगळ्यात जास्त माहिती तुमच्या घरात कुणाला असेल तर ती दादाला. तुम्ही त्याला माहिती पाठवत राहता आणि तो ती उघडत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

मला वाटतं, घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. दादानं कोलोनोस्कोपी पाहिली ती एकदाच, बाबांची. ती झाली, रिपोर्ट आला, आणि त्या दिवसापासून घर उताराला लागलं. त्याच्या अनुभवात तपासणीनंतर चांगली बातमी कधी आलेलीच नाही. तपासणी म्हणजे ज्या दिवशी सगळं संपायला सुरुवात होते तो दिवस, असं त्याच्या मनात पक्कं बसलं असेल, तर "मला त्रास नाही, कशाला करू" हे त्याचं म्हणणं बेफिकिरीचं वाटलं तरी बेफिकिरीचं नसेल. तुमचं "मुलांची पडलेली नाही" हे वाक्य त्याला किती लागलं असेल, याचाही यावरून अंदाज येईल. कदाचित मुलं लहान आहेत म्हणूनच त्याला तो रिपोर्ट हातात घ्यायचा नाही.

हा माझा तर्क आहे, तो चुकीचाही असू शकेल. पण बरोबर असेल, तर दादाला जे कुणीच सांगितलेलं नाही ते हे: बाबांची तपासणी आणि त्याची तपासणी, नाव एकच असलं तरी, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबांची झाली तेव्हा आजार पसरून झाला होता, ती फक्त त्याचा पत्ता लावायला होती. धडधाकट माणसाची कोलोनोस्कोपी ही मुख्यतः कॅन्सर शोधायला नसतेच. ती पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत उगवलेले लहान मांसल कोंब, शोधायला असते. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर आतल्या अस्तरावर उगवलेल्या लहानशा पॉलिपपासून सुरू होतात, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. सगळ्या पॉलिपचा होतही नाही. पण दिसला की डॉक्टर त्याच वेळी, त्याच नळीतून तारेचा फास टाकून तो काढून घेतात. आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, टाके नसतात, पोट उघडावं लागत नाही. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या डॉक्टरांनी अशा रीतीनं पॉलिप काढायला सुरुवात केली. त्याआधी आतड्याच्या वरच्या भागातला पॉलिप काढायचा म्हणजे पोटाचं ऑपरेशनच. आज पन्नाशीपुढच्या चारातल्या किमान एका माणसाला तपासणीत पॉलिप सापडतो आणि त्यातले बहुसंख्य लोक त्याच संध्याकाळी घरी असतात. हात दाखवून अवलक्षण होण्याची भीती दादाला वाटते, पण इथे जे दिसेल ते तिथल्या तिथे काढून टाकता येतं.

आणि समजा गाठ निघालीच, तरी ती कधी निघते यावर सगळं ठरतं. अमेरिकेतल्या नोंदींनुसार आजार आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर सुमारे ९० टक्के रुग्ण जिवंत असतात. यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोचल्यावर सापडला तर हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येतं. दादानं फक्त दुसरी बाजू पाहिली आहे. पहिली बाजू त्याच्या अनुभवात नाही.

हे त्याला सांगायचं कसं? इतक्यात सांगायचंच नाही. आधी तुटलेलं बोलणं सांधा. दादा फोन उचलत नाही, पण मेसेज वाचत असेल. लिहा, "दादा, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. बाबांचं सगळं तू एकट्यानं केलंस, मी नव्हते. तेव्हा तुझ्यावर काय काय गेलं, हे मी तुला कधी विचारलंच नाही. तुला वाटेल तेव्हा सांग, मी ऐकेन." त्यात "पण" नको. खाली लेखाची लिंक नको. तपासणीचा उल्लेखही नको. आणि तो बोलू लागला, दोन महिन्यांनी का होईना, तर मध्ये तोडू नका. चौदा वर्षांत कुणी विचारलं नसेल तर बोलायला बरंच काही साठलेलं असेल.

दुसरी गोष्ट जरा स्पष्टच विचारते. तुमची तपासणी कधी आहे? सगळ्या पत्रात दादाच्या तपासणीचं आहे, तुमच्या तपासणीबद्दल एक ओळ नाही. बाबा जितके त्याचे तितकेच तुमचे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर साधारण नियम असा: चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करायची आणि सगळं ठीक असलं तरी दर पाच वर्षांनी करत राहायची. बाबांना ५१व्या वर्षी झाला, म्हणजे ४१. चाळीस त्याआधी येतं. तुम्ही एकोणचाळीस आहात. डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवायला हेच वय आहे.

२००० साली केटी कुरिक या अमेरिकी वृत्तनिवेदिकेनं स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली होती. तिचे पती १९९८ मध्ये, ४२व्या वर्षी, याच आजारानं गेले होते. तिनं उपदेश केला असता तर लोकांनी चॅनेल बदललं असतं. तिनं करून दाखवलं, आणि त्यानंतरच्या महिन्यांत तिथे कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्यांची संख्या ठळकपणे वाढली. तुमच्याकडे कॅमेरा नाही, पण बघणारा भाऊ आहे. तपासणीच्या वेळी गुंगीचं औषध देतात, त्यामुळे त्या दिवशी गाडी चालवायची नसते आणि दवाखान्यातून घरी न्यायला कुणीतरी बरोबर लागतं. दादाला विचारा, "माझी तपासणी आहे, तू येशील?" त्याला ती जागा पुन्हा बघवणार नाही असं असेल, तर नाही म्हणायची मोकळीक ठेवा आणि मनात धरू नका. आला तर बाहेरच्या बाकड्यावर बसून, आत गेलेलं माणूस थोड्या वेळानं चहा मागत बाहेर येतं, हे तो पहिल्यांदाच बघेल. मात्र तुमच्या तारखेसाठी त्याचं रक्ताचं दाखवणं थांबवायचं नाही. ते आपल्या वेगानं, वहिनीच्या हातून, आधी होऊ द्या.

बोलणं सुरू झालं की त्याला एकच प्रश्न विचारा: या सगळ्यातलं नेमकं काय नको वाटतं? उत्तर आपण गृहीत धरतो त्याहून वेगळं निघतं. कुणाला निदानाची भीती असते, कुणाला भुलीची. कुणाला त्या जागेतून नळी घालायची याची लाज वाटते आणि ती तो बायकोजवळही बोलत नाही. पुरुषांमध्ये हे मी फार पाहते. लाजेवर तुमच्या लेखांचा उपाय चालत नाही. मागे उघडणारा गाऊन असतो, अंगावर चादर असते, माणूस कुशीवर झोपलेला असतो, गुंगीत त्याला पुढचं बहुतेक आठवतही नाही, आणि त्या खोलीतल्या माणसांचं हे रोजचं काम असतं, हे जाऊन आलेल्या एखाद्या पुरुषानं सांगितलं तर पटतं. ओळखीत, नात्यात असा कुणी असेल तर त्याला दादाशी बोलायला सांगा.

खरा त्रास असतो तो आदल्या दिवशीचा, आणि तो लपवू नका. दोन-तीन दिवस आधीपासून कोंडा, बिया, सालं असलेलं खाणं बंद. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ. संध्याकाळी पोट साफ करायचं औषध, पाण्यात कालवून, बरंच. चव खारट-गोडसर, घोट घोट घेत राहायचं. गार केलं आणि स्ट्रॉनं घेतलं तर सुसह्य होतं. अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे असं विभागून घेतलं की आतडं जास्त नीट साफ होतं, म्हणून पहाटेचा डोस झोपेपायी चुकवायचा नाही. पहिला तासभर काहीच होत नाही, मग मात्र शौचालयाजवळच मुक्काम. मऊ कागद, पाणी आणि व्हॅसलीन हाताशी ठेवा. शेवटी जे पडतं ते पिवळसर, तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी असायला हवं. तसं झालं नाही तर दवाखान्याला फोन करून सांगायचं, कारण घाण राहिलेल्या आतड्यात लहान पॉलिप दिसत नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागतं. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना थांबवायची ना बदलायची. प्रत्यक्ष तपासणी साधारण अर्ध्या तासाची.

धोका विचारला तर तोही खरा सांगा. आतड्याला छिद्र पडण्याची वेळ दहा हजारांत सुमारे तिघांवर येते, लक्षणीय रक्तस्राव सुमारे पंधरा जणांना होतो, पॉलिप काढला असेल तर शक्यता थोडी जास्त. आणि ही तपासणी म्हणजे अभयदान नव्हे. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ८४ हजारांहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलोनोस्कोपीचं निमंत्रण मिळालेल्या गटात दहा वर्षांत या कॅन्सरचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी होतं. पण निमंत्रण मिळूनही प्रत्यक्ष गेले होते ते फक्त ४२ टक्के. बोलावलेले सगळेच गेले असते असं धरून हिशोब मांडला तर घट सुमारे ३१ टक्के येते. तो अभ्यास सर्वसामान्य जोखमीच्या लोकांचा होता, तुमच्यासारख्या घरांचा नव्हे. मी तो सांगतेय तो दुसऱ्या कारणासाठी. निम्म्याहून जास्त माणसं बोलावूनही गेली नाहीत. तुमचा दादा काही जगावेगळं वागत नाहीये.

आईची शपथ घालू नका. कदाचित ती चालेलही. चडफडत जाईल, एकदा करून येईल. पण हे एकदाचं काम नाही. पाच वर्षांनी पुन्हा, त्यानंतर पुन्हा, पॉलिप निघाला तर त्याहून लवकर. दर वेळी शपथ कुठून आणणार? त्यानं स्वतःहून तारीख लक्षात ठेवावी असं हवं असेल, तर पहिली वेळ अपमानाची होऊ देऊन चालणार नाही. शिवाय आईवर ते ओझं का? तिनं नवरा याच आजारात गमावलाय.

त्याऐवजी दादाला एक काम सांगा, जे फक्त तोच करू शकतो. बाबांची फाईल कुठे आहे ते त्यालाच माहीत असणार. त्यातला बायॉप्सीचा आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दिलेला) शोधा, फोटो काढून ठेवा. मग दोघं बसून बाबांच्या बाजूची माणसं लिहून काढा: आजी-आजोबा, आत्या, काका, चुलत-आते भावंडं, कुणाला कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. फक्त आतड्याचा नाही, गर्भाशयाचा, अंडाशयाचा, जठराचाही. काही घराण्यांत लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष असतो. त्यात हे कॅन्सर कमी वयात आणि एकाहून अधिक माणसांना होतात, आणि तपासणी विशीतच, दर एक-दोन वर्षांनी सुरू करावी लागते. याचा माग पहिल्यांदा लागला तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोलण्यातून. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या पॉलीन ग्रॉस यांनी डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं की आमच्या घरातली माणसं पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाईन. दुर्दैवानं त्या तशाच गेल्या. पण वॉर्थिन यांनी ते बोलणं झटकून टाकलं नाही. त्यांनी त्या कुटुंबाची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी हे काम तडीला नेलं. तुमच्या यादीत अशी आणखी नावं निघाली तर डॉक्टरांना जनुकीय समुपदेशनाबद्दल विचारा. तुमच्या भाच्यांच्या दृष्टीनं ही यादी मोलाची आहे, आणि ती करताना दादा रुग्ण नसेल, जाणकार असेल.

तरीही तो नाहीच म्हणाला तर? रक्त जात असेपर्यंत वहिनीनं पाठ सोडू नये, असंच मी म्हणेन. ते दुखणं अंगावर काढायचं नाही. पण डॉक्टरांनी तपासून, सगळं समजावून सांगितल्यावरही कोलोनोस्कोपीला तो आज तयार नसेल, तर तो त्रेचाळीस वर्षांचा जाणता माणूस आहे आणि शरीर त्याचं आहे. मग एकदाच, शांतपणे सांगा, "मला तुझी काळजी आहे, मी पुन्हा पुन्हा विचारणार नाही, पण तू म्हणशील त्या दिवशी मी रजा टाकून येईन." आणि खरंच विचारू नका. तुमचा फोन आला की तोच विषय निघणार, ही धास्ती गेली, तर तो फोन उचलेल.

तुमच्या पत्रात आणखी एक माणूस आहे, जिचा या संदर्भात कुणी विचारच केलेला नाही. आई. तिचं बाबांशी रक्ताचं नातं नाही, म्हणून तिला धोका नाही असं सगळे धरून चालतात. पण वाढतं वय हीच यातली मोठी जोखीम आहे. घराण्यात कुणालाही झालेला नसला तरी तपासणी सुरू करायचं वय अमेरिकेत २०२१ पासून ४५ आहे, बऱ्याच देशांत ५०, आणि ती साधारण पंचाहत्तरीपर्यंत करत राहायची असते. तुमच्यासारखं घराणं नसलेल्या वाचकांनी हे स्वतःसाठीही वाचावं. अशा, काही लक्षण नसलेल्या माणसाला थेट कोलोनोस्कोपीच करावी लागते असं नाही. शौचाच्या नमुन्यातलं, डोळ्याला न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची चाचणी असते. नमुना घरीच घ्यायचा, पथ्य नाही, भूल नाही. मात्र ती दरवर्षी करायची, आणि त्यात रक्त आढळलं तर कोलोनोस्कोपी टाळायची नाही. ती टाळली तर आधीची चाचणी वाया गेली. दादाला मात्र फिटवर भागवू देऊ नका. डोळ्यांना रक्त दिसत असताना त्या चाचणीचा निकाल ठीक आला तरी त्यावर विसंबता येत नाही.

शेवटी, तपासण्या झाल्या की रिपोर्ट एकमेकांना दाखवा. दादाला मोठा किंवा धोक्याच्या प्रकारचा पॉलिप निघाला तर तुमचं वेळापत्रक बदलू शकतं, तुम्हाला निघाला तर त्याचं. काढलेल्या पॉलिपचा पॅथॉलॉजी रिपोर्ट काही दिवसांनी वेगळा येतो, तो आणायला लोक विसरतात. पुढची तपासणी कधी करायची हे तो हातात आल्यावर डॉक्टरांना विचारा आणि कागदावर लिहूनच घ्या.